नाटकाची चित्रं आणि माझी चित्रं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी नाटकांसाठी पोस्टर, वर्तमानपत्रातल्या जाहिराती आणि शीर्षकाची अक्षरं करते. त्यातून मोकळी झाले की स्वतःसाठी रंगवते, आणि गेली बरीच वर्षं त्या चित्रांचा विषय सिंधुदुर्गातलं दशावतार हे लोकनाट्य आहे. या दोन्ही कामांबद्दल विद्यार्थी, नाटकवाले आणि चित्रं विकत घेणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

पोस्टरची सुरुवात कुठून होते?

पात्र कसं उभं राहतं, तिथून.

संहिता मी पहिल्यांदा हातात पेन्सिल न घेता वाचते. पेन्सिल असली की पहिल्याच प्रवेशात एखादी वस्तू सापडते, कंदील, आरसा, बंद दार, आणि मग ती वस्तू डोक्यातून जात नाही. दुसऱ्या वाचनात समासात खुणा करते. पण चित्र सापडतं ते तालमीतच. कागदावर माणसं फक्त बोलतात. तालमीत ती उभी राहतात, एकमेकांपासून किती अंतर ठेवायचं ते ठरवतात, कुणाकडे पाठ करायची ते ठरवतात. चेहऱ्यावरून नट ओळखू येतो. नाटक कशाबद्दल आहे ते मला त्याच्या खांद्यांवरून आणि पावलांवरून कळतं.

एक उदाहरण देते. दोन भावांमधल्या वाटणीचं नाटक होतं. संहिता वाचून सगळ्यांना घर हवं होतं : वाडा, दुभंगलेली भिंत, अंगणातलं वृंदावन. तालमीत दिसलं ते वेगळंच. धाकटा भाऊ थोरल्यासमोर कधीच बसत नव्हता. खुर्ची मोकळी असली तरी तिच्या पाठीवर हात ठेवून तो उभाच. हे संहितेत नव्हतं, दिग्दर्शकानंही सांगितलं नव्हतं. नटाला ते आपोआप सापडलं होतं. पोस्टरवर शेवटी तीच खुर्ची आली, आणि तिच्या पाठीवरचा हात.

तालमीला नेमकं कधी जाता?

हालचाली बसवायला सुरुवात झाली की लगेच. वाचनाच्या तालमींत सगळ्यांच्या माना कागदात असतात, त्यामुळे ऐकायला मिळतं पण बघायला काही नसतं. रंगीत तालमीपर्यंत थांबायची सोय नाही. तोवर पहिली जाहिरात छापून आलेली असते आणि नाट्यगृहावर बोर्ड लागलेला असतो. मधल्या दिवसांत नट अजून चाचपडत असतात. एकच वाक्य कधी बसून, कधी चालत म्हणून बघतात. माझ्या वहीत सगळ्यात जास्त पानं याच दिवसांची असतात. त्या वेळी नेपथ्य नसतं, प्लास्टिकच्या खुर्च्या दाराचं आणि पलंगाचं काम करतात. मला त्याचा फायदाच होतो, कारण नजरेला माणसांखेरीज दुसरं काही सापडत नाही.

निर्माते कलाकारांचे फोटोच मागतात. मग चित्राला जागा कुठे उरते?

प्रेक्षक तिकीट नटासाठी काढतो, हे खरं आहे आणि त्यात वावगं काही नाही. आपल्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या नावावर लोक रात्र रात्र बसलेले आहेत. त्यामुळे फोटोला माझी हरकत नसते. हरकत असते ती ओळीनं मांडलेल्या, कॅमेऱ्याकडे बघून हसणाऱ्या चेहऱ्यांना. असे चार चेहरे कुठल्याही नाटकाच्या नावाखाली खपतात.

मी निर्मात्यांना एवढंच म्हणते की फोटो काढायचा तर पात्राच्या कपड्यांत आणि पात्राच्या ढबीत काढूया. फोटो काढायच्या दिवशी माझी तालमीतली स्केचेस घेऊन जाते आणि नटांना दाखवते. ‘तुम्ही तिसऱ्या प्रवेशात असे उभे राहता.’ बहुतेकांना आपण तसे उभे राहतो हे माहीतच नसतं. ते स्केच बघून नट पुन्हा तसा उभा राहिला की फोटो आपोआप चित्रासारखा येतो. मग मी त्याच्याभोवती रेघांनी आणि रंगानं बाकीचं नाटक उभं करते. प्रायोगिक नाटकांत फोटोचा आग्रह नसतो. तिथे पूर्ण रेखाटनाचं पोस्टर करता येतं, आणि मला ते जास्त आवडतं.

नाटकाचं नाव फॉण्टमध्ये टाइप करता की हातानं काढता?

हातानं. प्रत्येक वेळी, जाहिरात कितीही छोटी असली तरी.

मराठी नाटकाचं शीर्षक ही आपल्याकडची स्वतंत्र कला आहे आणि तिला मोठी परंपरा आहे. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी कित्येक दशकं नाटकांची शीर्षकं काढली. रविवारच्या पेपरातल्या नाटकांच्या पानावर त्यांची अक्षरं लांबून ओळखू यायची, आणि प्रत्येक नाटकाचं अक्षर तरीही निराळं असायचं. विनोदी नाटकाची अक्षरं उड्या मारायची, रहस्यनाट्याची अंग चोरून बसायची. ज्यांना हे काम शिकायचं आहे त्यांनी जुन्या पेपरांच्या फायली काढून ती पानं बघावीत. त्याहून चांगला अभ्यासक्रम मला माहीत नाही.

देवनागरीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतात, म्हणून नावाला कागदावर वाटते त्याहून बरीच उंची लागते. दोन ओळींचं नाव असेल तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात. नवशिके दोन ओळींमधलं अंतर वाढवून सुटका करून घेतात. मी त्या अडकू देते, पण कुठल्या अडकतील ते मी ठरवते. मायलेकींच्या एका नाटकात वरच्या शब्दाचा उकार खालच्या वेलांटीत गुंतवला होता, कारण त्या दोघी संपूर्ण नाटकभर एकमेकींचं वाक्य तोडत होत्या.

शिरोरेषेचंही तसंच. ती सलग ओढायची की तोडायची, आणि तोडायची तर कुठे? दिग्दर्शक नाटकाचं नाव कसं उच्चारतात ते मी कान देऊन ऐकते. ते जिथे किंचित थांबतात तिथे मी रेषा तोडते. काने आणि दंड जास्त असलेलं नाव ताठ दिसतं. ठ, ळ, छ अशी गोलाईची अक्षरं आली की नाव लोळायला लागतं, त्याला एखादा लांब दंड देऊन आवरावं लागतं. जोडाक्षर एकाखाली एक लिहिलं तर दिसायला देखणं, पण रस्त्याच्या पलीकडून त्याचा गोळा दिसतो. बोर्डासाठी मी ते शेजारी-शेजारी मांडते.

हत्यार म्हणाल तर तिरका छाटलेला बोरू, चपटा ब्रश आणि पुष्कळ वाया जाणारा कागद. पेशवाईतलं नाटक आलं की सगळ्यांना मोडीसारखं वळण हवं असतं. ते शोभतं खरं, पण मोडी वाचता येणारा प्रेक्षक आता विरळा. वळण घ्यावं, अक्षर बालबोधच, म्हणजे नेहमीचं देवनागरीच, ठेवावं.

वर्तमानपत्रातल्या जाहिरातीसाठी वेगळं काम करावं लागतं का?

पूर्ण वेगळं. पोस्टर लहान करून जाहिरात होत नाही. पेपरात जागा कॉलम सेंटिमीटरनं विकली जाते आणि एका कॉलमची रुंदी साधारण ४ सेंटिमीटर असते. एवढ्याशा जागेत नाटकाचं नाव, लेखक, दिग्दर्शक, नट, नाट्यगृह, वार आणि वेळ बसवायची असते. त्यात वर्तमानपत्राचा कागद पातळ आणि शोषून घेणारा असतो. त्यावर शाई पसरते, बारीक रेघा जाड होतात, बारीक मोकळ्या जागा भरून जातात. रंगीत पार्श्वभूमीवर बारीक पांढरी अक्षरं ठेवली आणि छपाईच्या चार रंगांपैकी एखादा केसभर सरकला की अक्षर वाचताच येत नाही. म्हणून जाहिरातीसाठी शीर्षक मी नव्यानं, जाड आणि मोकळं काढते. चित्रातली एकच गोष्ट ठेवते. खुर्ची-हाताच्या त्या नाटकाच्या जाहिरातीत नुसता हात होता.

मोबाइलवर तिकीट काढणाऱ्यांना पोस्टर आधी टपाल तिकिटाएवढं दिसतं, त्यामुळे पेपरसाठी केलेला हा अभ्यास तिथेही उपयोगी पडतो. फ्लेक्सचं गणित उलटं. तो लांबून बघायचा असल्यामुळे १०० डीपीआय, म्हणजे एका इंचात शंभर ठिपके, एवढंसुद्धा चालतं. छापील पोस्टरला मात्र ३०० डीपीआय आणि सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंतली रंगपद्धत, हवंच. पडद्यावर चमकणारा निळा छपाईत मळतो, तेव्हा छापखान्यात जाऊन पहिला प्रूफ स्वतः बघावा.

किती रफ देता? नापसंत झालं तर?

दोन-तीन कच्ची चित्रं देते, आणि त्यातलं कुठलंही निवडलं तरी मला आनंद होईल असंच देते. नको असलेलं रफ नुसती संख्या भरायला ठेवलं तर नेमकं तेच निवडलं जातं. काहीच पसंत पडलं नाही तर पुन्हा तालमीला जाते. टेबलावर बसून नवी कल्पना सुचण्यापेक्षा तालमीत काहीतरी नजरेतून सुटलेलं असतं, ते सापडण्याची शक्यता जास्त.

नेपथ्यासाठी पडदे रंगवता का?

क्वचित, आणि नेपथ्यकारांनी बोलावलं तरच. संगीत नाटकाच्या काळात रंगवलेला पडदा हाच नाटकाचा राजवाडा आणि तोच अरण्य असायचा. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले. बाबूराव (१८९०–१९५४) पुढे चित्रपटाकडे वळले आणि तिथेही पोस्टर स्वतः रंगवत. पडदा, पोस्टर आणि चित्र एकाच हातून होत असे, हे आजच्या विद्यार्थ्यांना सांगावंसं वाटतं. आता पडद्याची जागा त्रिमिती नेपथ्यानं आणि प्रकाशयोजनेनं घेतली आहे. पण हातानं रंगवलेल्या पडद्यावर बाजूनं प्रकाश पडला की रंगाचे थर दिसतात. छापील पडद्यावर तसं दिसत नाही.

संगणकानं बनवलेली चित्रं वापरता का?

नाही. टॅब्लेटवर मी रंगवते, मांडणीही करते, पण त्यावरची रेघ माझी असते. यंत्राला सूचना देऊन मिळालेलं चित्र त्या तालमीत हजर नव्हतं. माझ्यासाठी हे कारण पुरेसं आहे.

स्वतःच्या चित्रांत दशावतारच का?

कारण तिथे पात्र तयार होताना उघड्यावर दिसतं.

कोकणात कार्तिकापासून जत्रा सुरू होतात आणि पावसाळ्याच्या तोंडापर्यंत दशावतारी मंडळं गावोगाव फिरतात. प्रयोग रात्री, बहुतेक देवळाच्या आवारात. नेपथ्य म्हणून एक बाकडं. तेच सिंहासन, तेच रथ, तेच डोंगराचं टोक. लिखित संहिता नसते. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कुणी कुठलं काम करायचं ते ठरतं, आणि संवाद नट उभ्या उभ्या रचतात. पायपेटी, मृदंग आणि झांज त्यांना धरून असते. स्त्रियांची कामं पुरुष करतात.

प्रयोगाआधी प्रत्येक नट स्वतःच स्वतःला रंगवतो. हातात छोटा आरसा, एका बल्बचा उजेड, आजूबाजूला ट्रंका, आणि शेजारी गावातली पोरं टक लावून बसलेली. दिवसा शेतात किंवा बागेत राबलेला माणूस भुवई ओढतो, कपाळावर गंध रेखतो, आणि मुकुट बांधायच्या आधीच त्याची मान वेगळी व्हायला लागते. मी रंगवते ती ही मान. अर्धा राजा आणि अर्धा घरचा माणूस एकाच देहात कसे बसतात ते मला पुन्हापुन्हा बघावंसं वाटतं. स्त्रीपार्टी नट लुगडं नेसून बिडी ओढत बसलेला असतो तेव्हा त्याचे गुडघे पुरुषाचे असतात आणि मनगट बाईचं झालेलं असतं. नाटकाच्या तालमीत जे शोधण्यासाठी मी दिवसेंदिवस बसते, ते इथे एका तासात, माझ्यापासून हातभर अंतरावर घडतं.

प्रयोगाच्या सुरुवातीला आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, काळ्या वेषातला संकासूर येतो आणि मुलांची तारांबळ उडवतो. संकासुराची चित्रं लोक सर्वांत जास्त मागतात. मी ती फार कमी केली आहेत. तो आधीच पूर्ण असतो, त्याच्यात चित्रकारानं भर घालावी असं मला काही सापडत नाही.

रात्रीच्या अंधारात स्केच कसं करता?

कागदाकडे न बघता. टॉर्च लावत नाही, कारण नटाच्या डोळ्यावर उजेड येतो आणि मागच्यांचा रसभंग होतो. मातकट रंगाच्या कागदाची हातात मावेल एवढी वही, एक ब्रश पेन आणि पांढऱ्या खडूचा तुकडा, एवढंच घेऊन बसते. मातकट कागदावर अंधार आधीच असतो, उजेड तेवढा टाकायचा. पहाटे उजेडात वही उघडली की रेघा एकमेकींवर चढलेल्या असतात, डोकं एका पानावर आणि पाय दुसऱ्या. त्यातून देहाचा तोल मात्र बरोबर उतरलेला असतो. डोळ्यांनी कागद तपासणं थांबवलं की हात फक्त समोरच्या माणसाच्या मागे जातो.

फोटोवरून रंगवता का?

दागिने, मुकुटाची बांधणी, वस्त्रांचे काठ यांच्यासाठी फोटो काढते, तेही विचारून. देहासाठी नाही. फोटोत क्षण गोठतो आणि तोल जातो. बाकड्यावर चढणारा नट फोटोत लटकलेला दिसतो.

रंग आणि कागद कोणते?

मोठ्या चित्रांसाठी ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तीनशे ग्रॅम वजनाचा) खरबरीत जलरंगाचा कागद किंवा हातकागद. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद बनवणारी जुनी संस्था आहे, तिथला जाड कागद मला आवडतो. पाणी जास्त झालं तरी तो कुरकुरत नाही. खाली काव, म्हणजे तांबडी रंगमाती, पातळ करून संपूर्ण कागदाला एक हात देते, म्हणजे कोकणातल्या जांभ्या मातीचा रंग चित्राच्या आतून येत राहतो. त्यावर गोंदाचे अपारदर्शक रंग, शेवटी काजळीची शाई. शुद्ध पांढरा एकाच ठिकाणी वापरते : नटाच्या चेहऱ्यावरच्या सफेद्यासाठी.

चित्रकथीचा तुमच्यावर प्रभाव आहे का?

हो, आणि तो मी मिरवते. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजानं चित्रकथी जपली आहे. सुटी चित्रं एकेक करून प्रेक्षकांसमोर धरायची आणि वाद्यांच्या साथीनं कथा गायची, असा तो प्रकार. ही कला टिकवल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्या चित्रांतली पात्रं बहुतेक बाजूनं दिसतात, डोळे मोठे, आणि एकमेकांसमोर कशी उभी आहेत यावरूनच प्रसंग कळतो. चित्र हेच नाटक, अशी ती जागा आहे. मी त्यांची शैली उचलत नाही, ती त्यांची आहे. पात्रांमधलं अंतर कसं ठेवायचं ते मात्र तिथून शिकले.

पोस्टर आणि स्वतःचं चित्र यांत काम करताना काय फरक वाटतो?

पोस्टर बघणाऱ्याला काही तरी लपवून दाखवायचं असतं. शेवट सांगायचा नाही, तरी शेवटाची कुणकुण लागली पाहिजे. नाटक बघून बाहेर पडणाऱ्यानं पुन्हा पोस्टरकडे बघावं आणि ते आता वेगळं दिसावं, हे मी मनाशी धरून चालते. ती खुर्ची पहिल्यांदा बघताना नुसती खुर्ची असते. स्वतःच्या चित्रात लपवायला काही नसतं, आणि तारीखही नसते. काही चित्रं एका जत्रेच्या हंगामात सुरू होऊन पुढच्या हंगामात पुरी होतात, कारण मधेच कळतं की त्या नटाचा डावा खांदा मला आठवत नाही. मग पुन्हा त्या गावाला जायचं.

मूळ चित्रं विकता का?

दशावताराची विकते. चित्रातल्या नटाला ओळखता येत असेल तर विक्रीआधी त्याला विचारते आणि विक्रीतला वाटा देते. तालमीच्या वह्या विकत नाही. त्यांत नटांची चाचपणी आहे आणि ती त्यांनी विश्वासानं बघू दिलेली असते.

पोस्टरचे हक्क कुणाकडे असतात? तरुण चित्रकारांनी काय काळजी घ्यावी?

लेखी करार करा. मोबदला घेऊन कुणाच्या सांगण्यावरून रंगवलेल्या चित्राचा पहिला कॉपीराइट, उलट काही ठरलेलं नसेल तर, काम सांगणाऱ्याकडे जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमात तसं आहे. बऱ्याच जणांची समजूत याच्या उलट असते. म्हणून नाटकाच्या प्रसिद्धीसाठी चित्र वापरायचा हक्क संस्थेला, आणि मूळ चित्र व इतर हक्क आपल्याकडे, हे दोन ओळींत का होईना, आधी लिहून घ्या. ‘चित्र : अमुक’ हे श्रेय पोस्टरवर आणि जाहिरातीत येईल हेही त्यातच लिहा. प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा यांच्या रांगेत चित्रकाराचं नाव शोभतं, आणि मागितलं तर निर्माते बहुधा देतात.

आम्ही कॉलेजची एकांकिका करतोय. पोस्टर कराल?

मी करण्यापेक्षा तुमच्यातल्याच कुणीतरी करावं असं मला वाटतं. प्रत्येक गटात चित्र काढणारं एक मूल असतंच आणि त्याला नेहमी बॅकस्टेजला सामान उचलायला लावलेलं असतं. त्याला तालमीत वही घेऊन बसवा. रफ मला दाखवायला आणा, मी आनंदानं बघेन.

तालमीत बसून स्केच करायचं आहे. परवानगी कशी मागू?

थेट दिग्दर्शकांना विचारा, नटांच्या ओळखीनं शिरू नका. मागच्या भिंतीला बसा, पण दाराजवळ नको, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांत बघायचं राहून जातं. फोन बंद, आणि जे ऐकाल ते शुभारंभाच्या प्रयोगापर्यंत बाहेर बोलायचं नाही. कुठल्याही नटानं वही मागितली तर लगेच द्या, काम अर्धवट असलं तरी. एखाद्यानं ‘आज नको’ म्हटलं तर त्या दिवशी त्याला काढू नका, इतरांना काढा. पहिले दोन-तीन दिवस सगळे तुमच्याकडे बघून उभे राहतील, ती पानं वाया गेली असं समजून चला. चौथ्या दिवसापासून ते तुम्हाला विसरतात, तेव्हापासून नीट बघायला लागा.